लो पो बेंग साजूक तुपात जमेल का? (आणि एकूणच जुन्या चिनी बेकऱ्यांबद्दल)

कौलूनची_अनघा

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई पहिल्यांदाच हाँगकाँगला येते आहे आणि मला तुमची मदत हवी आहे.

आम्ही कौलून सिटीत राहतो. काई ताक विमानतळ १९९८ पर्यंत इथे शेजारीच होता. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून विमानं जायची, हे इथली जुनी माणसं आजही हात वर करून दाखवत सांगतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी बेकरी आहे. पुढे दुकान, मागे भटारखाना. दुकान सांभाळणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या, मी त्यांना इथल्या पद्धतीने 'पो पो' म्हणते. यजमान मागे पीठ मळतात, पुढचा गल्ला पो पोंचा. केक नाही, क्रीम नाही. सगळे जुने पदार्थ: अक्रोडाची बिस्किटं, लाल ठिपक्याच्या पेस्ट्र्या, अंड्याचे टार्ट आणि 'लो पो बेंग'.

लो पो म्हणजे बायको, बेंग म्हणजे चपटी पेस्ट्री. तळहाताएवढी, वरून तांबूस, मधोमध दोन चिरा. वाफ जायला त्या चिरा लागतात, नाहीतर पेस्ट्री फुगून फुटते. खाताना पापुद्रे ओठांना चिकटतात, आणि आत अर्धपारदर्शक, किंचित चिकट, मंद गोड सारण. सारण कशाचं? कोहळ्याचं! आपलाच कोहळा. साखरेत पाकवलेला, बारीक चिरलेला, त्यात चिकट तांदळाचं भाजलेलं पीठ आणि तीळ. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला आजीचा कोहळेपाक आठवला आणि दुकानातच डोळे भरून आले.

हे आईला खायला द्यायचं आहे. पण पापुद्रा डुकराच्या चरबीचा आणि वर अंड्याचा हात. आई अंडंही खात नाही. पो पोंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की चरबीशिवाय पापुद्रा सुटत नाही. साजूक तुपात कोणी करून पाहिलंय का? की शाकाहारी मिळणारी एखादी जागा माहीत आहे? तुमच्या गावच्या अशा बेकऱ्यांबद्दलही लिहा.

बल्लवाचार्य

वाचतोय. कोहळ्याचं वाचून तोंडाला पाणी सुटलं.

मधुरा_कुलकर्णी_पुणे

अनघा, पापुद्रा कसा करतात ते पाहिलंयस का? साटा लावतात का? तसं असेल तर हे चिरोट्याचं भावंड आहे.

कौलूनची_अनघा

@मधुरा, एकदा पो पोंनी आत नेलं होतं. दोन पिठं असतात. एक मैदा, चरबी आणि पाण्याचं, आपल्या पोळीच्या कणकेसारखं मऊ. दुसऱ्यात फक्त मैदा आणि चरबी, पाणी अजिबात नाही. पहिल्याची पारी करून त्यात दुसऱ्याची गोळी ठेवायची, पुरणासारखं बंद करायचं. मग लांबट लाटायचं, सुरळी करायची, आडवी फिरवून पुन्हा लाटायचं, पुन्हा सुरळी. आजोबांचं लाटणं वीतभरच लांब, आणि एका गोळीला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत त्यांना.

मधुरा_कुलकर्णी_पुणे

मग तो साटाच झाला की! आपण तूप फेसून त्यात तांदळाचं पीठ घालतो, ते मैदा घालतात. आपण पोळीवर पसरतो, ते आत भरतात. काम तेच: पिठाच्या दोन थरांत स्निग्धाचा थर राहिला की ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि पापुद्रे सुटतात. फरक एवढाच की चिरोटे तळतात आणि हे भाजतात. तुपात जमायलाच हवं.

दर्यावर्दी

आधी थोडं विरोधी मत मांडतो, राग नसावा.

मी जहाजावर एकवीस वर्षं काढली आणि हाँगकाँग, ग्वांगजौ, सिंगापूर इथे धक्क्याजवळच्या बेकऱ्यांत भरपूर खाल्लं. ज्या पदार्थाचा जीवच चरबीत आहे त्यातली चरबी काढली तर उरतं ते दुसरंच काहीतरी. उद्या कुणी म्हणालं की पुरणपोळी तुपाऐवजी चरबीवर भाजतो, तर चालेल का आपल्याला? आईंना मुळात शाकाहारी असलेलं चिनी काहीतरी द्या. त्यांच्याकडे शाकाहाराची फार जुनी परंपरा आहे. बौद्ध विहारांतलं जेवण बघा. हाँगकाँगच्या बोलीत, म्हणजे कँटोनीजमध्ये, त्याला 'चाय' म्हणतात. त्यात मांस तर नाहीच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. आपला चातुर्मासच म्हणा. दुकानावर ते अक्षर ओळखायला शिका, आईंचा महिना सुखाचा जाईल.

रमाकाकू

दर्यावर्दी, तुमचं पटलं आणि नाहीही पटलं. माझ्या सासूबाई मुंबईत आल्या तेव्हा सोलापूरच्या शेंगाचटणीला लागणारं सगळं मिळत नव्हतं, तर त्यांनी मिळेल त्यात केली. पुढे तीच आमच्या घरची चटणी झाली. मुलीला आईसोबत बसून एक घास वाटून खायचा आहे. तिच्यासाठी तूप घालून केलं तर मूळ पदार्थाचा अपमान होत नाही.

पण अनघा, एक मात्र कर. दुकानातलं नकळत आईच्या तोंडात जाऊ देऊ नकोस. आमच्या बाबतीत असं झालंय. परदेशात एका दुकानात दोनदा विचारून, चरबी नाही म्हणून खात्री करून घेतलं. यजमानांनी आनंदाने खाल्लं. आठवड्याने त्याच दुकानातल्या दुसऱ्या मुलीने सहज सांगितलं की असते म्हणून. यजमान काही बोलले नाहीत, पण नंतर पूर्ण प्रवासात केळी आणि दूध यावर राहिले. ते दिवस मी विसरलेले नाही.

कौलूनची_अनघा

काकू, नक्की. तुम्ही लिहिलंत ते वाचून पोटात कालवलं. इथे मी विचारते ते वाक्य सगळ्यांसाठी देऊन ठेवते: "याउ मोउ च्यू याउ?" म्हणजे डुकराची चरबी आहे का. च्यू म्हणजे डुक्कर, याउ म्हणजे तेल. 'मांस आहे का' असं विचारलं तर लोक खरेपणाने नाही म्हणतात, कारण चरबी त्यांच्या लेखी मांसात धरतच नाहीत. प्रश्न चरबीचाच विचारायचा.

पेनांगवासी_मिलिंद

मी पेनांगला असतो, धागा बघून राहवलं नाही.

अनघाताई, तुमच्या आईंसाठी माझ्याकडे आणखी जवळचा पदार्थ आहे: 'ताउ सार पिया'. बेंग आणि पिया हा एकच शब्द, तुमचा कँटोनीज आणि आमच्या इथल्या चिन्यांच्या होक्कियन बोलीतला. लिंबाएवढी गोल पेस्ट्री, बाहेर तसाच पापुद्रा, आत मुगाच्या डाळीचं सारण. सालं काढलेली डाळ भिजवून, वाफवून, वाटून, साखर-मिठात परतलेली. मुगाचं पुरणच ते! पण त्यात तळलेल्या छोट्या कांद्याचा वास असतो, त्यामुळे गोड-खारट लागतं. पहिल्यांदा खाताना जीभ गोंधळते, तिसऱ्या वेळेपासून सवय लागते. इथलं घी हियांग हे दुकान १८५६ पासूनचं. आपल्याकडचं बंड व्हायच्या आधीपासून हे लोक मूग वाटत आहेत.

इथे मुस्लिम गिऱ्हाईक मोठं, त्यामुळे वनस्पती तेलात करणाऱ्या बेकऱ्या मलेशियात सहज सापडतात. पापुद्रा थोडा जाडसर होतो, पण होतो. म्हणजे तुमच्या पो पो म्हणतात तसं अगदीच अशक्य नाही.

सिंगापूरची_शाल्मली

मूगवाल्याला अनुमोदन! इथे बालेस्टिअर रोड त्यासाठीच प्रसिद्ध आहे. सकाळी गेलं तर गरम मिळतात. माझा मुलगा त्याला 'पुरणाचा लाडू-बिस्कीट' म्हणतो.

टिंग्या

अनघाताई, अंड्याच्या टार्टबद्दल लिहा ना. आणि तो अननसाचा पाव असतो तो, त्यात किती अननस असतो?

कौलूनची_अनघा

@टिंग्या, अजिबात नसतो :) 'पो लो बाउ' म्हणजे अननस-पाव, पण नाव फक्त दिसण्यावरून. मऊ गोड पावावर साखर, चरबी किंवा लोणी आणि मैद्याचा थर असतो. भट्टीत त्याला चौकडीच्या भेगा पडतात, अननसाच्या पाठीसारख्या. गरम पाव चिरून मध्ये लोण्याचा थंडगार, बोटभर जाड तुकडा घालून देतात. लोणी वितळायच्या आत खायचं. २०१४ साली हाँगकाँग सरकारने अमूर्त वारशाची पहिली यादी काढली, ४८० नोंदींची. त्यात हा पाव आणि अंड्याचा टार्ट, दोन्ही करण्याची कला आहे. टार्टचं सविस्तर नंतर लिहिते, आत्ता पोळ्या करायच्यात.

टिंग्या

बाउ आणि आपला पाव एकच का मग? बाउ, पाव. चीनहून आला असेल!

पोदेराचो_पूत

ना रे बाबा :) आपला पाव पोर्तुगीजांचा, त्यांच्या 'पाँव' वरून. आमच्या गोव्यात पाव करणाऱ्याला पोदेर म्हणतात, तोही शब्द त्यांचाच. चिन्यांचा बाउ त्यांचा स्वतःचा, जुना. कानाला सारखा लागतो तेवढंच.

पण मकावच्या, म्हणजे हाँगकाँगजवळच्या जुन्या पोर्तुगीज वसाहतीच्या, टार्टची गोष्ट मात्र पोर्तुगीजांकडे जाते. मी मकावला हॉटेलात चार वर्षं होतो. तिथला टार्ट वरून काळपट डागांचा, साखर जळालेला. तो १९८९ मध्ये कोलोआन गावात अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रजाने सुरू केला, लिस्बनच्या टार्टवरून. हाँगकाँगचा टार्ट वेगळा: वरून पिवळाधमक, आरशासारखा गुळगुळीत, एक डाग नाही. मकाववाले हाँगकाँगच्याला फिका म्हणतात, हाँगकाँगवाले मकावच्याला करपलेला. मला दोन्ही आवडतात, पण घरची आठवण येते ती मकावच्याने. आमच्या बेबिंकाचा वरचा थर असाच डागाळलेला असतो, प्रत्येक थराला वरून निखाऱ्याची आच दिलेली. आणि त्यात तूप! अनघाबाय, थर आणि तूप यांचं जमतं, बेबिंका साक्षी आहे.

कौलूनची_अनघा

@पोदेराचो_पूत, छान लिहिलंत. हाँगकाँगच्या टार्टचेही दोन प्रकार आहेत. एक शेकडो पापुद्र्यांचा, जुना, चरबीचा. दुसरा लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटासारख्या वाटीचा. ताई चेऑंग ही १९५४ ची बेकरी दुसऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर क्रिस पॅटन तिथले गिऱ्हाईक होते. आमच्या पो पोंकडे मात्र पापुद्र्याचाच.

जोशी_मास्तर

नानखटाईविषयी एक मुद्दा. धागाकर्तीने अक्रोडाच्या बिस्किटाचा उल्लेख केला आहे. ते मी कोलकात्यात टिरेटा बाजारात, चिनी न्याहारीच्या गाड्यांजवळ खाल्लं आहे: गोल, वर भेगाळलेलं, हातात घेताच भुगा होणारं. खाताक्षणी नानखटाई आठवली. आता 'नानखटाई' शब्द पाहा. फारसीत नान म्हणजे रोटी. आणि 'खताई' म्हणजे खता देशची. खता हे चीनचं मध्य आशियातलं जुनं नाव, मराठी-इंग्रजी पुस्तकांतून 'कॅथे' म्हणून येतं तेच. म्हणजे एका व्युत्पत्तीप्रमाणे नानखटाई ही 'चीनची रोटी'.

मधुरा_कुलकर्णी_पुणे

मास्तर, पण नानखटाई सुरतेची ना? डच वखारीतली बेकरी, तिथला पारशी कारागीर वगैरे?

जोशी_मास्तर

सुरतेची कथा प्रसिद्ध आहे आणि आज आपण खातो तिचं घर सुरतच. मी फक्त नावाबद्दल बोललो. नाव एकीकडून आणि पाककृती दुसरीकडून येऊ शकते. बटाटावडा घ्या, बटाटा शब्द पोर्तुगीजांचा म्हणून वडा त्यांचा होत नाही.

बल्लवाचार्य

मास्तर, भेगांचं कारण मी सांगतो, बेकरीत काम केलंय. ते बिस्कीट फुगवायला अमोनिया वापरतात, आपल्या जुन्या बेकऱ्याही वापरायच्या. गरम झाला की सगळाच्या सगळा वायू होऊन निघून जातो, मागे काही राहत नाही. म्हणून बिस्कीट पसरतं, तडकतं आणि आतून पोकळ खुसखुशीत होतं. भट्टी उघडली की डोळ्यांत पाणी येईल असा दर्प येतो. पातळ कोरड्या बिस्किटालाच तो चालतो, जाड केकमध्ये वास अडकून बसतो.

कौलूनची_अनघा

अगदी! इथे 'क्वाँग सोउ बेंग' म्हणून पांढरंशुभ्र, बशीएवढं बिस्कीट मिळतं. पिशवी उघडली की तोच दर्प. माझा नवरा पिशवी उघडून गॅलरीत ठेवतो आणि तासाभराने खातो.

टिंग्या

अजून विचित्र नावं सांगा!

कौलूनची_अनघा

'गाय चाय बेंग'. ऐकून मला वाटलं आपल्यासाठीच केलंय, गाय आणि चाय :) पण कँटोनीजमध्ये गाय म्हणजे कोंबडी, गाय चाय म्हणजे पिल्लू. आणि त्यात कोंबडीही नसते. साखरेत मुरवलेली डुकराची चरबी, लाल आंबवलेलं टोफू, तीळ आणि लसूण. गोड, खारट, थोडं आंबूस, चावायला चिवट. मी स्वतः खात नाही, पण पो पोंकडे म्हातारी माणसं तेच मागतात, कागदात बांधून, चहाबरोबर.

दर्यावर्दी

ग्वांगजौचं आहे ते मूळचं. त्याबरोबर काळा पु-अर चहा हवा, साखर न घातलेला. चरबीचा तेलकटपणा जिभेवरून साफ होतो. हे सगळे पदार्थ त्या चहासाठीच जन्मलेले आहेत. आपल्या दुधाच्या चहाबरोबर खाऊन बघितलं तर जड होतात. अनघाताई, आईंना लो पो बेंग तुपात कराल तर चहा मात्र बिनदुधाचा द्या. (म्हणजे मी थोडा माघार घेतली, हे रमाकाकूंनी लक्षात घ्यावं.)

रमाकाकू

घेतलं लक्षात. :)

स्वप्नाली_ठाणे

अवांतर विचारते. 'बायकोची पेस्ट्री' हे नाव का?

कौलूनची_अनघा

दोन गोष्टी सांगतात. एक: फार गरीब जोडपं, घरातलं माणूस आजारी पडलं आणि औषधासाठी बायकोने स्वतःला विकलं. नवऱ्याने ही पेस्ट्री करून विकली, पै-पै जमवली आणि तिला सोडवून आणलं. दुसरी: ग्वांगजौच्या चहाघरातला एक चाउजौचा आचारी घरी गेला, चहाघरातले पदार्थ बायकोला दिले. ती म्हणाली, याहून माझं कोहळ्याचं बरं. त्याने तिचं खाल्लं, चहाघरात नेलं, सगळ्यांना आवडलं आणि 'त्याच्या बायकोची पेस्ट्री' हे नाव पडलं. पो पोंना मी विचारलं खरी कोणती. त्या म्हणाल्या, दुसरी. आणि मागे भटारखान्याकडे मान वळवून आणखी काहीतरी म्हणाल्या. ते मला कळलं नाही, पण आजोबा आतून हसले.

स्वप्नाली_ठाणे

दुसरीच खरी असणार!

अजून एक. तुमच्याकडे लग्नात अशी पेस्ट्री देतात असं ऐकलंय. माझी मैत्रीण हाँगकाँगच्या मुलाशी लग्न करते आहे, तिला 'केक'चं काहीतरी विचारलं आणि ती गोंधळली.

कौलूनची_अनघा

हे माझं सगळ्यात आवडतं! आपण म्हणतो ना, "काय मग, लाडू कधी देताय?" इथे अगदी तेच म्हणतात: "पेस्ट्री कधी खायला घालतोस?" म्हणजे लग्न कधी. शब्दाला शब्द. मला ऑफिसात पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उडालेच.

लग्न ठरलं की मुलाकडून मुलीकडे पेस्ट्र्या जातात आणि मुलीकडचे त्या नातेवाइकांत वाटतात. पिवळ्या, लाल, पांढऱ्या, केशरी अशा रंगांच्या पापुद्र्याच्या, आत कमळबियांचं किंवा मुगाचं सारण, वर लाल शिक्का. मोजायच्या कॅटीत, एक कॅटी साधारण ६०५ ग्रॅमची. आपला शेर गेला, यांची कॅटी अजून बाजारात आहे. आता घरात जागा नाही, म्हणून बेकरीचं कूपन वाटतात. ज्याला कूपन मिळालं तो सवडीने जाऊन डबा घेतो. पो पोंच्या गल्ल्यावर अशी लाल कूपनं एका तारेला टोचलेली असतात. मैत्रिणीला सांग, सासरी विचारतील तर गोंधळू नकोस, किती डबे लागतील त्याची यादी दे.

स्वप्नाली_ठाणे

मैत्रिणीला धागा पाठवला. तिची आई म्हणते आम्ही बुंदीचे लाडूही देणार.

पेनांगवासी_मिलिंद

छान! दोन्ही द्या.

कमळबियांवरून आठवलं, मूनकेकबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून?

टिंग्या

कमळबिया म्हणजे मखाणे ना?

जोशी_मास्तर

नाही. मखाणा वेगळ्या काटेरी पाणवनस्पतीचा. कमळाचं बी म्हणजे कमळगट्टा, आपल्याकडे पूजेला आणि माळेला वापरतात ते.

पेनांगवासी_मिलिंद

मास्तर बरोबर. ते बी भिजवून, मधला कडू हिरवा कोंब काढून, शिजवून, वाटून, साखर आणि तेलात तासन्‌तास घोटायचं. मूनकेकमध्ये हे सारण आणि मध्ये खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक, चंद्रासारखा. जुन्या बेकरीत लाकडी साचा असतो, आत उलटं कोरलेलं अक्षर. गोळा दाबून भरायचा, साचा ओट्यावर डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा असा जोरात आपटायचा आणि उलटा करून तळहातावर झेलायचा. सणाआधी आमच्या गल्लीत सकाळपासून हा ठाकठाक आवाज असतो.

भट्टीतून काढल्यावर पारी कडक आणि निस्तेज असते. दोन-तीन दिवस ठेवली की आतलं तेल पारीत उतरतं आणि ती मऊ, चकचकीत होते. चिनी लोक त्याला 'तेल परत येणं' म्हणतात. आपल्या 'मुरणे' शब्दात ते नेमकं बसतं. पारीच्या पिठात पाक आणि थोडं क्षाराचं पाणी असतं, पापडखाराच्या जातीचं. त्याने पाकाचा आंबटपणा मरतो आणि रंग चढतो.

जोशी_मास्तर

त्यांचा हा सण आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा. बहुतेक वर्षी ती आपली भाद्रपद पौर्णिमा असते, कोजागरी महिन्याने मागून येते. पण २०२५ मध्ये त्यांच्याकडे सहाव्या महिन्याचा अधिकमास आला, आपला तेव्हा नव्हता. त्यामुळे ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री आले. त्यांचा मूनकेक, आपलं मसाला दूध, चंद्र एकच.

सिंगापूरची_शाल्मली

मास्तर, ती रात्र आठवते! आमच्या इमारतीखाली चिनी मुलं कंदील घेऊन फिरत होती आणि आम्ही वर दूध आटवत होतो. शेजारच्या आँटींना दुधाचा पेला दिला, त्यांनी मूनकेकची फोड दिली. तेव्हा नुसता योगायोग वाटला होता.

मधुरा_कुलकर्णी_पुणे

मंडळी, अनघाचा मूळ प्रश्न राहिला! आई येईल की.

अनघा, मी परवा करून पाहिलं. पहिला घाणा फसला. साटा पातळ झाला, लाटताना तूप कडेने बाहेर आलं आणि पापुद्रे न सुटता खारी-शंकरपाळ्यासारखं काहीतरी झालं. चरबी नेहमीच्या हवेत लोण्यासारखी घट्ट-मऊ राहते, तूप इकडे पातळ नाहीतर तिकडे रवाळ. दुसऱ्या वेळी असं केलं:

बाहेरचं पीठ मैदा १०० ग्रॅम, तूप ३५, पाणी ४५ च्या आसपास, चिमूट मीठ. चांगलं मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास. साटा मैदा १०० ला थिजलेलं तूप ५०, तुपाचा रवा हाताने मोडून एकजीव केलं आणि गोळ्या करून फ्रीजमध्ये ठेवल्या. दर लाटण्यानंतर पंधरा मिनिटं फ्रीज. पंखा बंद, नाहीतर वरून वाळून पापडी धरते. २०० अंशावर वीस-बावीस मिनिटं. वरून अंड्याऐवजी दूध. पापुद्रे सुटले! चरबीइतके नाजूक असतील की नाही ते तू सांग, मी मूळचं खाल्लेलं नाही.

सारणाला मी पेठा वापरला, तो फार ओला पडला.

कौलूनची_अनघा

मधुरा, तू माझ्यासाठी दोन घाणे घातलेस! काय बोलू. सारणासाठी इथे वाण्याकडे साखरेत घोळवलेला कोरडा कोहळा मिळतो, नववर्षाच्या तबकात ठेवतात तो. रविवारी करते.

बल्लवाचार्य

सारणात चिकट तांदळाचं पीठ भाजूनच घाल, कच्चं नको. पाणी घातल्यावर दहा मिनिटं झाकून ठेव, ते ओल पिऊन घेतं. सारण गार आणि घट्ट हवं, नाहीतर चिरांतून उकळून बाहेर येईल.

कौलूनची_अनघा

(तीन आठवड्यांनी)

उशिराबद्दल क्षमस्व. आई येऊन आठवडा झाला.

दोनदा सराव केला. मधुराचं माप आणि बल्लवाचार्यांची सूचना तंतोतंत पाळली. कोरडा कोहळा १५० ग्रॅम, बारीक चिरून, भाजलेलं चिकट तांदळाचं पीठ ५०, भाजलेले तीळ दोन चमचे, तूप २५, साखर जेमतेम २० आणि पाणी लागेल तसं. सोळा झाले.

आईने हातात घेऊन आधी उलटसुलट पाहिलं. मग एक पापुद्रा नखाने सोलला, दुसरा सोलला, आणि म्हणाली, "साटा कोणी शिकवला तुला?" खाल्लं. म्हणाली, "भाजलेला चिरोटा आणि आत आईचा कोहळेपाक." तिची आई म्हणजे माझी ती आजी. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहा डब्यात घालून पो पोंकडे गेलो, आईलाही नेलं. पो पोंनी एक मधोमध मोडला, थर बघितले, आजोबांना हाक मारली. आजोबांनी चष्मा लावून बघितला. दोघं खाऊन काहीतरी बोलली. मग पो पो मला म्हणाल्या, दुधाचा वास येतो. आजोबा म्हणाले, पापुद्रा जाड आहे, पण सुटलाय. आणि तूप कशाने करतात ते विचारलं. आई मराठीत आणि हाताने लोणी कढवणं दाखवत होती, मी मध्ये भाषांतर करत होते, गिऱ्हाईकं खोळंबली होती. कोणी तक्रार केली नाही.

परवा पो पोंनी डबा परत पाठवला. आई म्हणाली होती, बघ, रिकामा देणार नाहीत. आत चार पेरू आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं वीतभर लाटणं होतं, मधोमध झिजलेलं.

रमाकाकू

वाचता वाचता पदर डोळ्याला लावला गं. आईला माझा नमस्कार सांग.

दर्यावर्दी

चहा बिनदुधाचा दिलात का?

कौलूनची_अनघा

दिला. आईने दोन घोट घेतले आणि मग स्वतः उठून आलं घालून आपला केला. :)

टिंग्या

पाण्याचं माप नक्की किती ते लिहा ना, आई विचारतेय. आमच्याकडे कोरडा कोहळा नाही, पेठाच आहे.

मधुरा_कुलकर्णी_पुणे

@टिंग्या, पेठा असेल तर पाणी घालूच नका. आधी पेठा पंख्याखाली रात्रभर पसरून ठेवा.